मामा, कानबाई कुठे गेली?

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या शिरपुरात कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. नारळाची देवी असते. तिला नथ घालायची, नटवायची, चौरंगावर बसवायची. सगळे भाऊबंद एका घरात जमतात. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, रात्रभर बायकांची गाणी. आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर. काही घरांत नारळ पिढ्यान् पिढ्या तोच असतो, आमच्याकडे दरवर्षी नवा. पुणे, मुंबई, सुरत, जिथे जिथे पोरं पोटापाण्यासाठी गेलीत तिथून या दोन दिवसांसाठी येतात. मीही जातो. देव मानत नाही, तरी जातो. मित्रांना सांगतो की गंगाफळाच्या भाजीसाठी जातो. ते अर्धंच खरं आहे.

तर यंदा सोमवारी अरुणावतीच्या काठावर माझ्या बोटाला धरून भाची उभी होती. वय वर्षं सात. नारळ पाण्यात गेला, बायकांनी हात जोडले, आणि तिने विचारलं, "मामा, कानबाई कुठे गेली?"

"पाण्यात."

"मग देव बुडतो?"

मी इंजिनियर माणूस. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, एवढंच शिकलेला. मी म्हणालो, "अगं, तो नुसता नारळ होता. देव वगैरे काही नसतो, माणसांनी ठरवलेलं असतं ते." मनातून थोडा खूशही झालो. म्हटलं, चला, एका तरी पोरीला वेळेवर सांगितलं!

संध्याकाळी भाचीने सगळ्यांसमोर आईला सांगितलं, "आजी, मामा म्हणतो तो नुसता नारळ होता." आई काही बोलली नाही. दोन दिवस उभं राहून तिने सगळं केलं होतं. ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी निघताना पाया पडलो तेव्हा एवढंच म्हणाली, "पोरीला काय सांगायचं ते तू सांग. पण ती काय विचारत होती ते तरी ऐकायचं. चैत्रात नाना गेले तेव्हाही तिने हेच विचारलं होतं, कुठे गेले म्हणून."

नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, रक्षा आम्ही तापीत सोडली होती. भाची तेव्हाही काठावर उभी होती.

शिरपूरहून पुण्याला येताना धुळं लागतं. झोप येत नव्हती, आणि डोक्यात धुळ्याचा तुरुंग घोळत होता. त्याचं कारण असं की लहान मुलाशी देवाबद्दल कसं बोलावं या विषयावर मराठीत जे काही बरं वाचलंय, त्यातलं बरंचसं कुठून ना कुठून त्या तुरुंगाशी येऊन मिळतं. शाळेत असताना आम्हाला कोणी हे सांगितलं नाही. धुळ्याचा तुरुंग म्हणजे एस.टी.तून दिसणारी भिंत, बस्स.

वर्ष १९३२. गांधीजी गोलमेज परिषदेहून परतले होते आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना अटक झाली होती. कायदेभंग पुन्हा पेटला आणि तुरुंग भरले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते, साने गुरुजी होते, जमनालाल बजाज होते. कैद्यांनी आग्रह केला म्हणून विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायला सुरुवात केली. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारीला, शेवटचं १९ जूनला. मी सवयीप्रमाणे कॅलेंडर काढून मोजून पाहिलं. बरोबर अठरा रविवार होतात, एकही खाडा नाही. साने गुरुजींनी ती भराभर लिहून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' हे पुस्तक आहे. गुरुजींचा हात तेव्हा चालला नसता तर ते सगळं तिथल्या भिंतींमध्येच विरून गेलं असतं.

पण त्या प्रवचनांकडे जाण्याआधी मागे जायला हवं, कारण बोलणाऱ्या माणसाच्या घरी हा विषय आधीच चांगला शिजलेला होता.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या (आताच्या रायगड) गागोदे गावचा. आजोबा शंभुराव मोठे भाविक. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला, रंगांच्या रसायनशास्त्रात मुरलेले, टापटिपीचे, हिशोबी. आई रुक्मिणी फारशी न शिकलेली, दिवसभर कामात आणि कामात तोंडाने अभंग. म्हणजे एकाच घरात भक्ती आणि केमिस्ट्री समोरासमोर. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात हेच चित्र असतं, फक्त केमिस्ट्रीच्या जागी लॅपटॉप आलाय.

विनोबांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट आहे. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प सोडला होता. रोज एकेक दाणा मोजून बाजूला टाकायची. वडिलांनी ते पाहिलं आणि म्हणाले, हे काय करत बसलीस? एक तोळा तांदूळ घे, त्यात किती दाणे बसतात ते मोज, त्यावरून लाख दाण्यांचे किती तोळे होतात ते काढ. वर अर्धा तोळा जास्त टाक, म्हणजे कमी पडायला नको.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नरहरपंतांना मनातल्या मनात नमस्कार केला. नमुना घ्या, गुणाकार करा, वर थोडं मार्जिन ठेवा. आमच्या ऑफिसात याच कामाचे पैसे मिळतात! (तांदळाचा एक दाणा साधारण वीस ते पंचवीस मिलिग्रॅमचा धरला तर लाख दाण्यांचे दोन-अडीच किलो होतात. पाच मिनिटांचं काम.)

आईला यावर उत्तर सुचेना. हिशोब तर बरोबर होता. मग तिने संध्याकाळी मुलाला विचारलं: विन्या, ते असं म्हणतात, यावर काय म्हणायचं? आणि विन्या म्हणाला की तुझे लाख तांदूळ म्हणजे नुसतं गणित नाही, एकेक दाणा उचलताना देवाचं नाव मनात येतं, तेव्हा मोजायलाच हवेत. आई खूश झाली आणि तिने ते वडिलांना सांगितलं.

ही गोष्ट सहसा भक्ती कशी थोर असते हे सांगायला वापरतात. मला तिच्यात भलतंच काही दिसलं. प्रश्न कोणी कोणाला विचारला ते पाहा. आईने मुलाला विचारला. देवाबद्दल जिची श्रद्धा घरात सगळ्यात पक्की, ती अडली की पोराला विचारते, आणि पोराचं म्हणणं उद्या नवऱ्यासमोर मांडायलाही तिला कमीपणा वाटत नाही. पोरानेही वडिलांना खोटं पाडलेलं नाही. वडील दाण्यांची संख्या काढत होते आणि आई दुसरंच काही करत होती, एवढंच त्याने ओळखलं. अरुणावतीच्या काठावर मी जे केलं ते म्हणजे अर्धा तोळा जास्त टाकून मोकळं होणं.

अर्थात या आठवणी मुलाने आईबद्दल, तीही बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या आहेत, हे धरूनच त्या वाचायला हव्यात. आणि विनोबांचं सगळंच काही मला पटतं असंही नाही. १९७५ च्या आणीबाणीत 'अनुशासन पर्व' हे शब्द त्यांच्या नावाला चिकटले ते कायमचे. पण लहानपणच्या गोष्टी सांगताना हा माणूस खोटा वाटत नाही, कारण त्यात तो स्वतः नेहमी घाबरलेला किंवा हट्टी पोरगा असतो.

उदाहरणार्थ भुताची गोष्ट. विन्याला भुताची भीती वाटायची. आईने सांगितलं की देवाच्या भक्तांना भूत त्रास देत नाही, तेव्हा भीती वाटली तर रामनाम घे, आणि कंदील घेऊन जाऊन बघ. रामनाम तर सगळ्याच आया सांगतात. माझ्या आईनेही सांगितलं होतं. पण कंदील घेऊन जाऊन बघ, हे पुढचं वाक्य फार कमी घरांत उच्चारलं जातं. या बाईने दोन्ही एका दमात सांगितलं, आणि त्यात काही विसंगत आहे असं तिला वाटलंच नसावं.

पुढे एका रात्री भिंतीवर मोठी थोरली सावली दिसली. स्वतःचीच होती, पण पोराला काय कळणार. पळत सुटला. तेव्हा त्याला सांगण्यात आलं की अरे, घाबरतोस कशाला, तो तर तुझा गुलाम आहे. तू उभा राहिलास की तो उभा राहतो, तू बसलास की बसतो. विन्याने करून पाहिलं. खरंच बसत होता! भीती गेली. विनोबांनी नंतर यावर म्हटलंय की भुताची भीती श्रद्धेने गेली आणि सावलीची बुद्धीने. दोन भित्या, दोन औषधं, आणि दोन्ही एकाच घरातली.

यात मेख अशी आहे की असं वाढवलेलं मूल पुढे तुमचंच ऐकेल याची काही हमी नाही. १९१८ मध्ये आई वारली तेव्हा विनोबांनी हट्ट धरला की अंत्यविधी मी स्वतः करीन, पुरोहित नको. घरच्यांना ते चाललं नाही. तर हा पठ्ठ्या स्मशानात गेलाच नाही, घरी वेद वाचत बसला. आईवर एवढा जीव असलेला मुलगा! मला ते अजूनही थोडं कठोर वाटतं. पण ज्या बाईने कंदील हातात दिला होता तिला ते वाटलं असतं का, हे सांगता येत नाही. तिला संस्कृत गीता कळायची नाही, वामन पंडितांचा समश्लोकी अनुवादही अवघड गेला, तेव्हा तीच या पोराला म्हणाली होती की तूच का नाही सोपी गीता लिहीत. ती 'गीताई' लिहून झाली १९३१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. आणि छापून आली १९३२ मध्ये, तीही धुळ्यात, विनोबा तुरुंगात असताना.

आता त्या रविवारांकडे येतो. दहाव्या अध्यायाचं प्रवचन २४ एप्रिल १९३२ चं. एप्रिल अखेरचं धुळं म्हणजे काय असतं ते खानदेशातल्यांना सांगायला नको. भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. त्या उन्हात विनोबा समोर बसलेल्या कैद्यांना सांगत होते की लहान मुलाला अक्षरं कशी शिकवतात. आधी मोठी मोठी काढून दाखवायची, मग तीच बारीक. मोठा 'क' आणि बारीक 'क' हे वेगळे नसतात, पण मोठा आधी दिसतो. आधी साधी अक्षरं, मग जोडाक्षरं. त्यांचं म्हणणं, देव ओळखायलाही असंच शिकावं लागतं. आधी ठळक दिसणारा: आई, वडील, गुरू. मग सूर्य, नदी. मग प्राणी, त्यात वाघ आणि सापसुद्धा. आणि सगळ्यात शेवटी जोडाक्षर, म्हणजे दुष्ट माणूस. राम हे सोपं अक्षर, रावण हे जोडाक्षर. पण अक्षर दोन्हीकडे तेच.

मी देव मानत नाही, तरी हा परिच्छेद मी निदान दहा वेळा वाचला असेल. त्यातला देव हा शब्द काढून त्या जागी चांगुलपणा घाला, माया घाला, वाक्य चालतंच. (विनोबांचे भक्त रागावतील, पण माझं वाचन असं आहे.) आणि शिकवणारा माणूस म्हणून त्यांनी क्रम बरोबर लावलाय. आपण मुलांना जोडाक्षरापासून सुरुवात करून देतो. देव सगळं बघतो, खोटं बोललास तर कान कापेल, ताट टाकलंस तर शिक्षा करेल. नाहीतर माझ्यासारखे लोक उलट्या टोकाचं जोडाक्षर देतात, की देव नसतोच. सात वर्षांच्या पोरीला दोन्ही सारखीच अवघड.

हे सगळं लिहून घेणारे साने गुरुजी स्वतः मुलांमध्ये राहिलेले. जन्म कोकणातला, पालगडचा, २४ डिसेंबर १८९९. पण आम्ही त्यांना खानदेशचे मानतो ते अमळनेरमुळे. अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं, तिथे मोठमोठे विद्वान ब्रह्म आहे की नाही याची चर्चा करत. गुरुजी आधी तिथेच गेले होते. मग ते सोडून गावातल्याच प्रताप हायस्कुलात १९२४ मध्ये मास्तर झाले आणि वसतिगृह सांभाळू लागले. मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे, आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. रोज! आम्हाला आठवड्यातून एकदा लिहायचं तर नाकी नऊ येतात. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले.

धुळ्यानंतर नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू करून १३ तारखेला पूर्ण. पुस्तकात बेचाळीस रात्री. हे पुस्तक आपल्या पिढीने रडूबाई म्हणून बाजूला टाकलंय. मीही टाकलं होतं. आता पुन्हा वाचताना त्यातल्या एका प्रसंगापाशी अडकलो.

एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी पडलेली असते. तिला डोक्यावर उचलून द्यायला कोणीतरी हवं, पण विटाळाच्या भीतीने कोणी जवळ येत नाही. श्यामची आई श्यामला सांगते की जा, तिला हात लाव, मोळी उचलून दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

ती आंघोळ मला फार लागली. शाळेत आम्हाला आईचं मन किती मोठं, एवढंच शिकवलं. आंघोळीबद्दल बाईंनी काही म्हटल्याचं आठवत नाही. आई पोराला सांगते की सगळे देवाचे, आणि त्याच तोंडाने सांगते की शिवल्यावर अंग धू. म्हणजे तिचं उत्तर अर्धं होतं. तिला त्या काळात, त्या गावात, तेवढंच देता आलं. ती मोळी उचलायला पाठवते आहे हेच गावाला जड जातंय, श्यामची टिंगल होते. पण गुरुजींनी लिहिताना ती आंघोळ गाळलेली नाही. आईवर एवढी भक्ती असलेल्या माणसाला ती हळूच पुसून टाकणं काही अवघड नव्हतं.

आणि चौदा वर्षांनी, १ मे १९४७ ला, हाच माणूस पंढरपुरात उपोषणाला बसला. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं करा, एवढीच मागणी. त्याआधी अनेक महिने महाराष्ट्रभर हिंडून गावोगाव बोलला, सोबत सेनापती बापट. १० मे ला उपोषण सुटलं, मंदिराचं दार उघडलं. मला तरी ते उपोषण म्हणजे त्या आंघोळीला दिलेलं उत्तर वाटतं. आईने अर्धं सांगितलं, उरलेलं मुलाने केलं. अकरा वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याच मंदिरात विनोबा सगळ्या धर्मांच्या लोकांना सोबत घेऊन गेले. धुळ्याच्या तुरुंगातले बोलणारा आणि लिहिणारा, दोघेही शेवटी त्याच विटेपाशी पोचले. पण तेव्हा गुरुजी नव्हते. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आयुष्य संपवलं होतं. ज्याने एवढ्या मुलांना धीर दिला त्याला स्वतःला धीर देणारं कोणी मिळालं नाही, याबद्दल मला काही शहाणं बोलता येत नाही.

गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. पुतणी सुधाला लिहिलेली त्यांची 'सुंदर पत्रे' त्यातूनच आली. आता गंमत पाहा. या देवभोळ्या, हळव्या माणसाच्या साप्ताहिकाचे १९९८ पासून संपादक कोण? डॉ. नरेंद्र दाभोलकर! अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला तेव्हाही तेच संपादक होते. मी त्या काळात दाभोलकरांचं काहीच वाचलेलं नव्हतं. म्हणजे देवाविरुद्ध असलेला माणूस, असंच धरून चाललो होतो. तसं नव्हतं. डॉ. श्रीराम लागू आणि ते एकाच व्यासपीठावरून बोलायचे. लागू सरळ सांगायचे की देव ही कल्पना आता निवृत्त करा. आणि शेजारी बसलेले दाभोलकर सांगायचे की समितीची ही भूमिका नाही. देवाधर्माच्या नावाने जिथे माणसाला लुबाडलं जातं तिथे आम्ही उभे राहू, बाकी ज्याची त्याची श्रद्धा त्याच्यापाशी. लागूंचं मत मला स्वतःला जास्त जवळचं. पण लहान मुलासमोर बसायचं असेल तर दाभोलकरांची खुर्ची बरी, असं आता वाटायला लागलंय. कंदील तर दोघांच्याही हातात होता.

यावर माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की हे सगळं गोडगोड आहे, खरं ते खरं आणि खोटं ते खोटं, मुलांना लहानपणीच स्पष्ट सांगितलं पाहिजे. त्याचा मुद्दा मी झटकत नाही. भूत नसतं हे स्पष्टच सांगावं. ग्रहण लागल्यावर पाणी ओतून देऊ नये हेही. अमुक जातीच्या पोराचा डबा खायचा नाही असं कोणी देवाच्या नावाने सांगत असेल तर तिथे गप्प बसणं हा गुन्हा. पण भाचीने मला ग्रहणाबद्दल विचारलं नव्हतं. चैत्रात तापीत काहीतरी गेलं, श्रावणात अरुणावतीत काहीतरी गेलं, आणि दोन्ही वेळा मोठी माणसं हात जोडून उभी होती. पोरीने दोन आणि दोन जोडले. आणि मामाने सांगितलं की तो नुसता नारळ होता. त्याचा तिने काय अर्थ लावला असेल, याचा विचार मी नाशिक येईपर्यंत करत होतो.

गणपतीत व्हिडिओ कॉल लावला. ताई माहेरीच होती. भाचीला म्हटलं, दिवा बंद कर, टॉर्च भिंतीकडे धर आणि मध्ये उभी राहा. सावलीचा गुलाम दाखवला. पाच मिनिटं नुसती उठाबशा काढत होती, खिदळत होती. मग मी म्हणालो, "त्या दिवशी तू विचारलंस ना, कानबाई कुठे गेली, त्याचं मी नीट उत्तर दिलं नाही."

"नारळ होता ना?"

"नारळ होता. पण तू नानांचं विचारत होतीस का?"

ती गप्प. मग मान हलवली.

"नाना कुठे गेले ते मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला वाटतं की कुठेच जात नाही माणूस, संपतो. पण मला वाटतं म्हणून तसंच असेल असं नाही. आजीला वेगळं वाटतं."

"आजीला माहितीये?"

"विचार तिला."

फोन तसाच ओट्यावर टेकवून ती आत पळाली. मला फक्त छताचा पंखा दिसत होता. आतून आवाज आला. आई घरात अहिराणीच बोलते. "माले बी माहीत नही, बेटा," ती म्हणाली. मग थोडं थांबून काहीतरी अजून म्हणाली, ते पंख्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. तेवढं मी नंतर विचारलंही नाही.

थोड्या वेळाने भाचीने फोन उचलला. आजी तांदूळ निवडत बसली होती. मी लाख तांदळांची गोष्ट सांगितली, वडिलांच्या हिशोबासकट. तिने लगेच मोजायला घेतले. आईही शेजारी सरकून बसली आणि दोघी मिळून मोजू लागल्या, एक इकडून, एक तिकडून. दोनशे चाळीसला भाची कंटाळली आणि टीव्ही लावायला गेली. आई अजून मोजत होती.